पडदा सिनेमास्कोप घेतलात, प्रोजेक्टर कुठे ठेवणार?

म्हैसूर जिल्ह्यातल्या पिरियापट्टणहून एका वाचकांचं सविस्तर पत्र आलं आहे. घराणं मूळचं सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याकडचं. सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यापायी दोन पिढ्यांपूर्वी दक्षिणेत गेलेलं, आता तिथलंच झालेलं. घर जुनं, वर मंगलोरी कौलं, हॉल अकरा फूट बाय अठरा फूट. हौसेने त्यांनी १२० इंची सिनेमास्कोप पडदा घेतला आणि समोरच्या भिंतीवर लावला. प्रोजेक्टर ठेवला मागच्या भिंतीवरच्या फळीवर. चालू केला तर चित्र चारही बाजूंनी पडद्याबाहेर! झूम पूर्ण कमी केला, तरी बाहेरच. मग मेन्यूतल्या ‘कीस्टोन’ या सोयीने कोपरे आत ओढले, तर अक्षरं धूसर झाली. “माझं काय चुकलं?” असं त्यांनी विचारलं आहे.

हाच प्रश्न नाशिक, बेळगाव, फोंडा अशा वेगवेगळ्या गावांहून विचारला जातो. शब्द बदलतात, चूक बहुतेक तीच असते. पडदा एका दुकानातून येतो, प्रोजेक्टर दुसऱ्यातून, आणि दोघांचं जमेल का हे कोणी मोजलेलं नसतं. म्हणून या वेळी पिरियापट्टणच्याच हॉलची मापं घेऊन सगळं टप्प्याटप्प्याने पाहू. तुमची मापं वेगळी असतील, हिशोब हाच राहील.

इंचांच्या आधी आकार

“१२० इंची” हे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं, म्हणजे कर्णाचं असतं. त्यातून पडदा किती रुंद आणि किती उंच हे कळत नाही. टीव्हीवरच्या मालिका, बातम्या, क्रिकेट हे सगळं १६:९ आकाराचं असतं. बहुतेक मोठे चित्रपट त्याहून रुंद असतात, २.३५:१ किंवा २.३९:१. यालाच आपण सवयीने ‘स्कोप’ म्हणतो. त्यामुळे एकाच कर्णाचे दोन पडदे प्रत्यक्षात असे निघतात:

- १०० इंची, १६:९: रुंदी ८७ इंच, उंची ४९ इंच
- १०० इंची, २.३५:१: रुंदी ९२ इंच, उंची ३९ इंच
- १२० इंची, १६:९: रुंदी १०४.६ इंच, उंची ५९ इंच
- १२० इंची, २.३५:१: रुंदी ११०.४ इंच, उंची ४७ इंच

प्रोजेक्टरच्या डब्यावर जो अंतराचा तक्ता छापलेला असतो, तो जवळजवळ नेहमी १६:९ चा असतो. स्कोप पडदा घेऊन त्या तक्त्यातली ‘१२० इंच’ ही ओळ वाचलीत, तर पहिल्याच पायरीवर पावणेसहा इंचांची चूक होते.

पिरियापट्टणचा आणि या रुंद पडद्याचा एक जवळचा धागाही आहे. भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट म्हणजे गुरुदत्त यांचा ‘कागज़ के फूल’ (१९५९). त्याचं छायाचित्रण केलं व्ही. के. मूर्ती यांनी, आणि ते म्हैसूरचे. पुढे २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले छायालेखक. त्या काळी कॅमेऱ्यावरची खास लेन्स रुंद दृश्य फिल्मवर आडवं दाबून बसवायची आणि थिएटरातली लेन्स ते पुन्हा ताणून मोकळं करायची. आपल्या घरच्या प्रोजेक्टरमध्ये असलं काही नसतं. त्याची आतली चौकट पक्की १६:९ ची. स्कोप चित्रपट लावला की तो त्याच चौकटीत वर-खाली काळ्या पट्ट्या सोडून बसतो. हे एकदा मनात पक्कं झालं की पुढचा सगळा गोंधळ सुटतो.

अंतर कसं काढायचं

प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात ‘थ्रो रेशो’ नावाचा आकडा असतो. हिशोब सोपा आहे: लेन्सपासून पडद्यापर्यंतचं अंतर = चित्राची रुंदी × थ्रो रेशो. अंतर लेन्सच्या काचेपासून मोजा, प्रोजेक्टरच्या पाठीपासून नाही.

पत्रलेखकांच्या प्रोजेक्टरचा थ्रो रेशो १.२ ते १.४४ आहे. पडद्याची रुंदी ११०.४ इंच. म्हणजे

- कमीत कमी अंतर: ११०.४ × १.२ = १३२.५ इंच, साधारण अकरा फूट
- जास्तीत जास्त अंतर: ११०.४ × १.४४ = १५९ इंच, सव्वातेरा फूट

आता मागच्या भिंतीवरची फळी पाहा. हॉलची लांबी २१६ इंच. त्यातून प्रोजेक्टरची स्वतःची लांबी आणि मागे हवेसाठी सोडलेली जागा वजा केली तर लेन्स पडद्यापासून सुमारे १९२ इंचांवर येते. तिथून या प्रोजेक्टरचं लहानात लहान चित्र १९२ ÷ १.४४ = १३३ इंच रुंद. पडदा ११० इंचांचा! ते आत बसणार कसं? प्रोजेक्टरमध्ये दोष नव्हता, पडद्यातही नव्हता. फळीची जागा चुकली होती.

झूमचा आकडा: १.३२

स्कोप पडदा घेणाऱ्याने सगळ्यात आधी बघायचा आकडा हा, आणि दुकानात तो सहसा कोणी सांगत नाही.

चित्रपट पाहताना चित्र पडद्याच्या पूर्ण रुंदीला भिडायला हवं. क्रिकेट लावलं की तेच १६:९ चित्र लहान होऊन पडद्याच्या उंचीत मावायला हवं. या दोन मापांत २.३५ भागिले १.७८, म्हणजे १.३२ पट फरक आहे. प्रोजेक्टरचा ऑप्टिकल झूम निदान १.३२ पट असेल (२.३९ चा पडदा असेल तर १.३४), तरच एका जागेवरून दोन्ही जमतं. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या पुष्कळ प्रोजेक्टरांचा झूम १.१ किंवा १.२ पटच असतो, काहींना तो नसतोच. भिंतीला चिकटून ठेवायच्या अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टरनाही सहसा ऑप्टिकल झूम नसतो, म्हणून स्कोप पडद्यासाठी ते घेऊ नका.

पत्रलेखकांचा झूम १.२ पट. अकरा ते सव्वातेरा फुटांमधली जागा शोधली तरी दोन्ही साधणार नाही. १३२.५ इंचांवर चित्रपट नेमका बसतो, पण तिथून क्रिकेटचं चित्र लहानात लहान ९२ इंच रुंद आणि पावणेबावन्न इंच उंच येतं. पडदा ४७ इंच उंच आहे. पावणेपाच इंच भिंतीवर सांडणारच.

मग पर्याय कोणते?

१. पडदाच १६:९ घ्या आणि वर-खाली काळी पट्टी लावा. अजून खरेदी झाली नसेल तर दहापैकी आठ घरांना माझा हाच सल्ला आहे. ११०.४ इंच रुंदीचा १६:९ पडदा ६२ इंच उंच होतो. चित्रपट लावताना वर आणि खाली साडेसात-साडेसात इंचांच्या काळ्या मखमलीच्या किंवा फेल्टच्या पट्ट्या हलक्या लाकडी पट्टीवर ताणून अडकवा. स्कोपचं चित्र अगदी तेवढंच मिळतं, क्रिकेट मात्र भिंतभर दिसतं. प्रोजेक्टर हलवायचा नाही, झूमला हात लावायचा नाही. पट्ट्या कोणताही शिंपी आणि सुतार मिळून एका दिवसात करून देतात.

२. स्कोप पडदा आणि मोठ्या झूमचा प्रोजेक्टर. भिंत रुंद आहे पण उंची कमी आहे, वर तुळई किंवा माळा आहे, अशा हॉलमध्ये हा पर्याय योग्य. झूमसोबत ‘लेन्स मेमरी’ असलेला प्रोजेक्टर मिळाला तर एका बटणावर दोन्ही मापं बसतात. तो महाग असतो. रोज संध्याकाळी खुर्चीवर चढून झूम आणि फोकस जुळवण्याचा उत्साह महिनाभरात संपतो, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

३. स्कोप पडदा आहेच, झूम अपुरा आहे. पिरियापट्टणची स्थिती हीच. अशा वेळी प्रोजेक्टर चित्रपटाच्या मापाला कायमचा बसवा. टीव्हीसाठी मेन्यूतलं ‘डिजिटल झूम’ किंवा ‘इमेज साइझ’ वापरून चित्र ७६ टक्क्यांवर आणा. ते मध्यभागी आकसतं आणि पडद्याच्या उंचीत नेमकं मावतं. यात चित्राचे बारकावे कमी होतात, फुल एचडीच्या १०८० ओळींपैकी सुमारे ८२० उरतात. बातम्या आणि क्रिकेटसाठी ते चालतं. चित्रपट पूर्ण बारकाव्यांनिशी दिसतो, आणि स्कोप पडदा आपण घेतला होता तो त्याच्यासाठीच. तुमच्या प्रोजेक्टरमध्ये ही सोय किती टक्क्यांपर्यंत खाली जाते हे आधी तपासा.

४. ॲनामॉर्फिक लेन्स. प्रोजेक्टरच्या पुढे बसवून चित्र आडवं १.३३ पट ताणणारी लेन्स. प्रोजेक्टरमध्ये चित्र उभं ताणण्याची सोयही लागते. खर्च पाहता घरगुती वापरासाठी मी सुचवणार नाही.

स्कोप पडद्याच्या दोन अडचणी खरेदीआधीच माहीत असू द्या. काही चित्रपटांची उपशीर्षकं खालच्या काळ्या पट्टीत येतात आणि ती पट्टी तर आता पडद्याखालच्या भिंतीवर पडलेली असते. कन्नड, मल्याळम चित्रपट उपशीर्षकांसह पाहणाऱ्या घरांना हे फार जाचतं. काही प्लेअरमध्ये उपशीर्षक वर सरकवता येतं, ती सोय असलेलाच घ्या. दुसरं म्हणजे, ‘द डार्क नाइट’सारख्या चित्रपटाच्या ब्लू-रेमध्ये काही प्रसंग एकदम १६:९ होतात. तेवढ्या वेळेला चित्र भिंतीवर आणि छताकडे पसरतं.

उंची ठरवताना काळी पट्टीही मोजा

लेन्स शिफ्ट (प्रोजेक्टर न हलवता चित्र सरकवण्याची सोय) नसलेल्या पुष्कळ प्रोजेक्टरांत चित्राची एक कड लेन्सच्या पातळीला किंवा तिच्या थोडी पुढे असते. टेबलावर ठेवला तर खालची कड, छताला उलटा टांगला तर वरची. नेमकं माप माहितीपत्रकात ‘ऑफसेट’ या नावाने दिलेलं असतं.

इथे भलेभले फसतात. ही कड पूर्ण १६:९ चौकटीची असते, दिसणाऱ्या चित्रपटाची नव्हे. पिरियापट्टणच्या पडद्यावर पूर्ण चौकट ६२ इंच उंच, पडदा ४७ इंच. म्हणजे काळी पट्टी पडद्याच्या वर साडेसात इंच आणि खाली साडेसात इंच भिंतीवर पडते. छतावरचा प्रोजेक्टर पडद्याच्या वरच्या कडेशी जुळवलात तर सगळं चित्र साडेसात इंच खाली उतरेल. तो साडेसात इंच वर हवा.

पत्रलेखकांच्या पडद्याची खालची कड जमिनीपासून ३६ इंचांवर आहे. ऑफसेट शून्य धरला तर ३६ वजा साडेसात, म्हणजे लेन्स साडेअठ्ठावीस इंचांवर. ही तर टेबलाची उंची! कौलारू छताला हात न लावता, सोफ्यापुढे, पडद्यापासून अकरा फुटांवर एक मजबूत लाकडी टेबल ठेवलं आणि काम झालं. सोफा तेरा फुटांवर होता, तो तिथेच राहिला. बसण्याचं अंतर पडद्याच्या रुंदीच्या सुमारे दीडपट असलं की डोळ्यांना बरं पडतं, ते इथे आपसूक जमून आलं.

काळी पट्टी पूर्ण काळी नसते, थोडा करडा उजेड असतोच. पडद्याभोवतीची भिंत पांढरी असेल तर तो दिसतो. गडद, चकाकी नसलेला रंग लावा. आणखी एक गोष्ट: स्कोप चित्रपटात प्रोजेक्टरचा जवळजवळ चौथा हिस्सा प्रकाश या पट्ट्यांच्या वाट्याला जातो. प्रखरतेचा आकडा निवडताना हे धरून चला.

भोक पाडण्याआधी: ओळंबा, दोरी, टेप

गवंड्याकडची साधी हत्यारं इथे कोणत्याही ॲपपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

1. पडद्याच्या रुंदीचा मध्य काढून वरून ओळंबा सोडा. जमिनीवर खूण करा. तिथून भिंतीला काटकोनात मागेपर्यंत दोरी ताणा. गवंड्याचा गुण्या लावून काटकोन तपासा. लेन्स याच रेषेवर यायला हवी. लेन्स प्रोजेक्टरच्या मध्यभागी असतेच असं नाही, म्हणून डबा नव्हे, लेन्स जुळवा.
2. लेन्सपासून पडद्याच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांपर्यंत टेप धरा. दोन्ही मापं सारखी आली पाहिजेत.
3. प्रोजेक्टर आडवा, समपातळीत ठेवा. पातळी पाण्याच्या नळीने किंवा स्पिरिट लेव्हलने बघा. कीस्टोन शून्यावर आणा, आपोआप जुळवणारी सोय असेल तर बंद करा.
4. मेन्यूतलं चाचणीचं चौकटीचं चित्र लावा. डावी कड आणि उजवी कड मोजा. जी कड जास्त उंच भरते त्या बाजूला लेन्सचं तोंड वळलेलं असतं. तोंड सरळ करा आणि सबंध प्रोजेक्टर उचलून त्याच बाजूला सरकवा.
5. वरची कड खालच्यापेक्षा रुंद असेल तर तोंड वर झुकलेलं आहे. पुढे पुस्तकं लावून तोंड उचलू नका. टेबलाची उंची वाढवा.
6. अर्धा तास चालू राहू द्या, मग फोकस जुळवा. तापल्यावर लेन्स थोडी सरकते, थंड असताना केलेला फोकस टिकत नाही.
7. सेट-टॉप बॉक्सवर ‘ओव्हरस्कॅन’ किंवा ‘झूम’ चालू नाही ना, ते बघा. कित्येकदा चित्र कापलं जातं ते तिथे.

छताला टांगायचा असेल तरी आठ दिवस शिडीवर किंवा उंच स्टुलावर ठेवून पाहा. भोक एकदा पडलं की पडलं.

कीस्टोन आणि ‘ऑटो फिट’ची भुरळ

आजकाल बरेच प्रोजेक्टर कॅमेऱ्याने पडदा ओळखून चित्र त्यात आपोआप बसवतात. जाहिरातीत ते सुंदर दिसतं. प्रत्यक्षात प्रोजेक्टर चित्र लहान किंवा तिरकं करून आपल्या चौकटीच्या एका भागात कोंबतो, बाकीचे बिंदू वाया जातात, वरून चित्राभोवती करडा उजेड राहतो. पाहुण्यांकडे, गच्चीवर, एका रात्रीपुरतं हे ठीक. कायम बसवायच्या प्रोजेक्टरला कीस्टोन शून्यच हवा. तिसऱ्या पर्यायात मी डिजिटल आकसणं सुचवलं ते फक्त टीव्हीपुरतं, आणि तेही सरळ, तिरकं नव्हे.

छप्पर, वायर आणि वीज

कौलारू घरात वाशाला प्रोजेक्टर टांगू नका. पंखा लागला, वारा सुटला की वासा थरथरतो आणि चित्रही थरथरतं. टांगायचाच असेल तर भिंतीत गेलेल्या तुळईला धरून टांगा. स्लॅबच्या घरात चांगला अँकर फास्टनर वापरा, लाकडी गुट्टी नको.

वायरीसाठी भिंतीत पाइप टाकत असाल तर दीड इंची टाका. पाऊण इंची पाइपमधून एचडीएमआयचं तोंड जात नाही, आणि हे कळतं ते प्लॅस्टर झाल्यावर. तांब्याची साधी वायर पाच मीटरपर्यंत भरवशाची. त्यापुढे ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते, ‘सोर्स’ आणि ‘डिस्प्ले’ असं लिहिलेलं टोक बघूनच ओढा.

पिरियापट्टणच्या भागात एप्रिल-मे महिन्यांत वळवाचे पाऊस विजांसह येतात. सर्ज प्रोटेक्टर लावा, गडगडाट सुरू झाला की प्लग काढा. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर छोटा यूपीएस हवाच, कारण वीज अचानक गेली की पंखा थांबतो आणि तापलेला दिवा आतल्या आत भाजतो. त्या तालुक्यात व्हर्जिनिया तंबाखू पिकते आणि लाकडाच्या धगीवर भट्ट्यांत सुकवली जाते. भट्टी जवळ असेल तर धुरामुळे हंगामात प्रोजेक्टरचा हवेचा फिल्टर दर पंधरवड्याला उघडून बघा.

खरेदी करताना, आणि फसवणूक झाली तर

- प्रखरता ‘ॲन्सी’ किंवा ‘आयएसओ’ ल्यूमेनमध्ये लिहिलेली आहे का ते बघा. नुसतं ‘१२,००० ल्यूमेन’ असेल तर विश्वास ठेवू नका.
- हॉलची लांबी, पडद्याची रुंदी आणि आकार विक्रेत्याला व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि “हा प्रोजेक्टर बसेल का?” याचं उत्तरही लेखीच घ्या.
- पक्कं बिल घ्या. प्रोजेक्टरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे.
- माप तुमचं चुकलं असेल तर माल सदोष ठरत नाही. सदोष माल निघाला आणि बिलावर परतीची मुदत लिहिलेली नसेल, तर ३० दिवसांच्या आत तो परत घ्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.
- पहिली तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करा. मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही.
- त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता दिल्लीचा असला तरी तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगाकडे दाद मागता येते. पिरियापट्टणकरांसाठी तो म्हैसूरला. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची.

आणि घरच्या पडद्यावर घरच्यांनी चित्रपट पाहणं वेगळं, गणेशोत्सवात मंडळासाठी लावणं वेगळं. जाहीर खेळासाठी हक्कधारकाची परवानगी लागते.

यापुढे प्रश्न विचारताना पाच मापं जरूर कळवा: लेन्स बसू शकेल अशा जागांची पडद्यापासूनची अंतरं, पडद्याची रुंदी, पडद्याची उंची, त्याच्या खालच्या कडेची जमिनीपासूनची उंची, आणि प्रोजेक्टरचा थ्रो रेशो. फोटो नसला तरी चालेल. ही पाच मापं असली की तुमच्या हॉलचा हिशोब नेमका करून देता येतो.